चार नंबरच्या टाकीची ओळ

निकेश भोपी याने सोमवारी सकाळी सव्वासात वाजता वरच्या बाणाची कळ दाबली आणि पडद्यावर काहीही उमटले नाही. त्याने ती पुन्हा दाबली, तिसऱ्यांदा दाबली, मग अंगठ्याने दाबून धरली. काळ्या पडद्याच्या डाव्या कडेला हिरवा चौकोन जिथल्या तिथे लुकलुकत राहिला. गेली सहा वर्षे ही कळ दाबली की मागे टाइप केलेली ओळ परत येत असे, आणखी एकदा दाबली की तिच्याही मागची. आज मात्र ओळखीच्या माणसाला भर रस्त्यात हाक मारावी आणि त्याने मान न वळवता पुढे निघून जावे, तसे झाले. त्याने जुन्या ओळी साठवणारी फाइल उघडली. फाइल जागेवर होती, नावही तेच होते, फक्त आत एकही अक्षर नव्हते. गेल्या तीन महिन्यांच्या नऊ हजार चारशे ओळी नाहीशा झाल्या होत्या. फाइलच्या नावापुढे वेळ लिहिली होती, कालची, रविवार संध्याकाळची, सहा वाजून दहा मिनिटे. यंत्र आपणहून बिघडते तेव्हा ते अर्धेमुर्धे बिघडते, कुठेतरी तुकडे सांडलेले राहतात. इथे कोणीतरी फडके घेऊन स्वच्छ पुसले होते. रविवारच्या दुसऱ्या पाळीला परेश होता. निकेशने ते नाव रिकाम्या खोलीत मोठ्याने उच्चारले, आणि उच्चारताक्षणीच त्याच्या कानशिलातून उष्ण असे काहीतरी वर चढू लागले, जे त्यानंतर दिवसभर उतरले नाही.

कारण आज अकरा वाजता चौकशी होती. गुरुवारी दुपारी तळोज्याच्या या कारखान्यातील चार नंबरच्या टाकीतले आम्लाचे पाणी ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्ध करण्याच्या विभागात, न जाता सरळ पावसाळी नाल्यात गेले होते. नाला पुढे खाडीला मिळतो. शुक्रवारी पहाटे ओहोटीच्या चिखलावर बोई आणि निवट्या पांढरी पोटे वर करून पडल्या, आणि दहा वाजता खाडीकाठच्या बायका ते मासे टोपल्यांत भरून फाटकावर आल्या. कारखान्याला एक हात हवा होता, ज्याने हे केले असे सांगता येईल, आणि तो हात शिवाचा निघाला. शिवा हा टाक्यांच्या आवारात काम करणारा ठेक्यावरचा कामगार, जातीने कोळी, वय पन्नाशीच्या घरात. नाल्याच्या व्हॉल्व्हला हाताने फिरवायचे एक चाक आहे, आणि गुरुवारी त्या वेळेला शिवा त्या चाकापासून दहा पावलांवर झाडू मारीत होता. एवढा पुरावा पुरेसा ठरला. आज त्याचे म्हणणे ऐकून घेऊन त्याचा गेटपास काढून घ्यायचा, इतकेच उरले होते. वस्तुतः त्या चाकाला शिवाने बोटही लावले नव्हते. व्हॉल्व्ह इथून, या पडद्यावरून, एक ओळ टाइप करून उघडला गेला होता, आणि ती ओळ त्या फाइलमध्ये तासामिनिटासह नोंदलेली होती. हे जगात दोनच माणसांना ठाऊक होते. एक निकेश, आणि दुसरा परेश, कारण शनिवारी निकेशनेच त्याला ते सांगितले होते.

मूर्ख, असे तो स्वतःला म्हणाला. या खोलीत मोबाइल आणण्यास मनाई आहे, म्हणून फोटो काढला नव्हता, हे ठीक. पण कागदावर उतरवून घेणे तर हाती होते. फाइलची दुसरी प्रत ठेवणे हा दोन मिनिटांचा उद्योग. तथापि जी वस्तू आपण स्वतःच्या हातांनी घडवली, तिला कोणी पुसून टाकील ही कल्पनाच त्याच्या मनाला शिवली नव्हती. आपल्या मुलाला कोणी रस्त्यात थोबाडीत मारील, हे बाप कुठे आधी योजून ठेवतो? त्याने मुठी आवळल्या आणि पडद्याकडे पाहिले. हिरवा चौकोन निर्लज्जासारखा लुकलुकत होता. जणू आजच जन्माला आला होता.

तो या खोलीत पहिल्यांदा आला तेव्हा या पडद्याला काहीच आठवत नसे. टाक्या, पंप आणि व्हॉल्व्ह चालवण्यासाठी कोण्या एका कंपनीने हा प्रोग्राम करून दिला होता, आणि ती कंपनी नंतर फोन उचलेनाशी झाली होती. प्रत्येक काम म्हणजे एक ओळ. टाकीचा नंबर, व्हॉल्व्हचा नंबर, पंपाचा वेग, किती सेकंद, अशी साठ-सत्तर अक्षरांची. ती अक्षर अक्षर टाइप करायची, आणि पाचव्या अक्षराला चूक झालेली साठाव्या अक्षराला ध्यानात आली, तर मागे जाण्याची सोय नव्हती. डावा बाण दाबला तर चौकोन मागे सरकत नसे, त्याऐवजी टोपीसारखे एक चिन्ह, दोन कंस आणि एक इंग्रजी अक्षर असा कचरा ओळीत येऊन पडे. सगळे पुसा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. आठ तासांच्या पाळीत तीस-चाळीस वेळा. बोटांची पेरे दुखत, पण त्याहून अधिक दुखत असे ते अपमानित मन. माणसाला झालेली चूक जिथल्या तिथे सुधारता येऊ नये, एका अक्षरासाठी सगळे वाक्य मोडून पुन्हा बांधावे लागावे, हा कुठला न्याय? निकेशची बारावी राहिली होती. इंग्रजी विषयात तो दोनदा बसला आणि दोनदा उठला. नेऱ्याकडच्या गावातून पनवेलला भाड्याच्या खोलीत राहायला आल्यावर मात्र त्याने शब्दकोश मांडीवर घेऊन प्रोग्रामिंगची पाने वाचली, एका पानाला एक रविवार या हिशेबाने, आणि सात महिन्यांनंतर अकरा ओळी लिहिल्या. त्या दिवशी त्याने डावा बाण दाबला आणि चौकोन शहाण्या माणसासारखा एक घर मागे सरकला. खोलीत कोणी नव्हते. तो उठून उभा राहिला आणि पुन्हा खाली बसला.

मग त्याची भूक वाढली. वरचा बाण दाबला की मागची ओळ यावी. यंत्र बंद करून चालू केले तरी त्या ओळी राहाव्यात. प्रत्येक ओळीला वेळ असावी. पुढे त्याने अशी युक्ती केली, की ओळीची पहिली दोन-चार अक्षरे टाइप करून बाण दाबला तर त्या अक्षरांनी सुरू होणारी सर्वांत अलीकडची ओळच समोर यावी. त्यामुळे 'टाकी चार' एवढे लिहून बाण दाबला की कालचे काम आज एका कळीत होई. ऑपरेटर लोक त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणत, "भोप्या, तू आमची बोटं वाचवलीस." घरी निशा, त्याची बायको, हे ऐकून म्हणाली होती, "मशीनला नऊ हजार गोष्टी लक्षात राहतात, आणि तुम्हाला कोथिंबीर आणायची एक गोष्ट राहत नाही. त्यालाच पाठवा बाजारात." तो हसला होता. परंतु त्या हसण्याच्या आत एक कडक, उभा असा अभिमान होता, आणि त्या अभिमानाला परेशने गुरुवारी सकाळी पाहुण्यांसमोर लाथ मारली होती.

परेश हा पाळीचा प्रमुख. दोघे एकाच आठवड्यात कामाला लागलेले. एकाच डब्यातून वर्षानुवर्षे जेवलेले. परेश बी.एस्सी. झालेला, म्हणून तो खुर्चीने वर गेला. गुरुवारी दुसऱ्या कुठल्याशा कारखान्याची माणसे ही सोय पाहण्यास आली, तेव्हा दुसरी पाळी असूनही सकाळीच आलेल्या परेशने त्यांना बाण दाबून दाखवला आणि म्हटले, "हे आमच्या टीमने डेव्हलप केलंय." मग निकेशकडे हात करून, "हा आमचा ऑपरेटर. टायपिंग फास्ट आहे त्याचं." पाहुण्यांनी कौतुकाने मान हलवली. निकेशच्या हातात त्या वेळी पाहुण्यांच्या चहाचा ट्रे होता. तो ट्रे त्याने टेबलावर ठेवला. त्या ठेवण्याचा आवाज त्याला आजही ऐकू येत होता, आणि हाच तो आवाज होता ज्याच्यापाशी त्याचे मन आज सकाळपासून पुन्हा पुन्हा येऊन अडखळत होते. कारण त्यानंतर, अंगाची आग होत असताना, पावणेएक वाजता त्याने ते काम केले.

काम साधे होते. दरवर्षी पावसाच्या आधी, टाकी धुऊन झाली की, तिच्यात साधे पाणी भरून पावसाळी नाल्याचा व्हॉल्व्ह एकदा उघडून पाहायचा असतो. पाणी नाल्यात जाते, व्हॉल्व्ह चिकटलेला नाही हे कळते. ही ओळ वर्षातून एकदाच टाइप व्हायची. ती इतरांच्या हाती लागू नये, म्हणून निकेशनेच फार पूर्वी एक नियम करून ठेवला होता. ओळीच्या आरंभी एक रिकामी जागा सोडली, तर ती ओळ चालेल, पण साठवली जाणार नाही. बाण कितीही दाबा, ती येणार नाही. सगळ्यांना त्याने हे शिकवले होते. भिंतीवर कागद चिकटवला होता. आणि हा नियम अधिकच आवश्यक होता, कारण इथे सगळे एकाच नावाने यंत्रात शिरत. पूर्वी महादेव नावाचे एक इंजिनियर होते, त्यांचा पासवर्ड सगळ्यांना पाठ होता. स्वतःचे पासवर्ड दिले तर लोक विसरत. महादेव निवृत्त होऊन सात वर्षे झाली, तरी यंत्राच्या लेखी ते तिन्ही पाळ्यांत चोवीस तास कामावर होते. सकाळच्या माणसाची ओळ संध्याकाळच्या माणसाच्या बाणाला येई. गुरुवारी पावणेएकला निकेशने 'टाकी चार' पासून ओळ टाइप केली, नाल्याचा व्हॉल्व्ह, नऊशे सेकंद. बोटे संतापाने कळांवर आदळत होती. रिकामी जागा सोडायची राहिली.

तीन वाजता पाळी बदलली. तोवर टाकीत आम्लाचे पाणी भरले गेले होते. चार वाजून बेचाळीस मिनिटांनी परेशने 'टाकी चार' लिहून बाण दाबला, समोर आलेली ओळ ईटीपीची नेहमीचीच असे धरून न वाचता पुढे धाडली, आणि टेबलावरच्या फोनवर बोलत खुर्ची फिरवली. शुक्रवारी सकाळी निकेशने बाण दाबून हे पाहिले. तीच ओळ, दोन वेळा. एक पावणेएकची, एक चार बेचाळीसची. पहिली त्याची स्वतःची होती. मात्र त्या पहिल्या ओळीचा विचार करायला आज त्याचे मन तयार नव्हते. आज मन फक्त परेशला पकडू पाहत होते.

परेश नऊ वाजता आला. चौकशीसाठी म्हणून त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. निकेशने त्याला खोलीच्या दारातच अडवले.

"फाइल कुठाय?"

"कसली फाइल?"

"परेश, आईशप्पथ सांगतो, आज माझं डोकं ठिकाणावर नाही. फाइल कुठाय?"

परेशने मागे वळून व्हरांड्यात कोणी नाही ना ते पाहिले आणि दार लावून घेतले. "उडवली. आणि ओरडू नकोस. तुझ्यासाठी उडवली."

"माझ्यासाठी?"

"मग कुणासाठी? ओळ कोणाची होती, भावा? मी फक्त बाण दाबला. नाल्याचा व्हॉल्व्ह कोणी लिहून ठेवला होता तिथे? स्पेस द्यायला कोण विसरलं? भिंतीवर कागद लावून शहाणपणा शिकवणारा तूच ना?" त्याने त्या कागदाकडे हनुवटीने खूण केली. "ती फाइल उघडली असती तर आधी तू गेला असतास. मग मी. आणि तुझं ते बाणबिण सगळं काढून टाकलं असतं, वर लेखी आलं असतं की अनधिकृत बदल. कोणी परवानगी दिली होती तुला? कागद आहे एखादा?"

निकेशने भिंतीवरच्या त्या कागदाकडे पाहिले. परवानगीचा कागद नव्हता, हे खरेच होते. सहा वर्षांत कोणी मागितला नव्हता. पाहुण्यांसमोर तो बाण टीमने डेव्हलप केलेला होता, आणि आज तो एकट्या भोपीचा अनधिकृत बदल झाला होता. त्याने परेशचा शर्ट छातीपाशी पकडला. इस्त्रीची घडी मुठीत चुरगळली.

"आणि शिवा?"

"शिवाला ठेकेदार दुसरीकडे लावेल. जासईला कंटेनर यार्डात माणसं लागतातच. त्याचं काय बिघडतंय? आपण परमनंट, आपलं बिघडतं. सोड. शर्ट सोड, निकेश. बटण तुटेल."

त्याने शर्ट सोडला. बटण तुटले नाही. परेशने आरशाऐवजी काळ्या पडद्यात पाहून शर्ट सारखा केला आणि अगदी जुन्या, डब्यातल्या भाकरीच्या आवाजात म्हणाला, "तू काही बोलायचं नाहीस. तुला बोलावलेलंच नाहीये चौकशीला. चहा पी."

तो गेल्यावर निकेश बसून राहिला. हा संताप खरा होता, न्याय्य होता, त्याला त्याची ऊब वाटत होती. पण मघाच्या 'आणि शिवा?' या स्वतःच्या प्रश्नात काहीतरी खोटे वाजले होते, आणि ते कुठे वाजले याचा शोध घेत मन नको त्या दिवशी, शुक्रवारी, फाटकाशी गेले. बायका टोपल्या उपड्या करीत होत्या. डांबरी रस्त्यावर मासे सरकत होते, उन्हात त्यांचा वास धरला होता. त्यांच्यात सोनाबाई होती, शिवाची बायको, सगळ्यांत मोठ्या आवाजाची. ती कारखान्याच्या मालकाच्या सात पिढ्यांना नावे ठेवीत होती, आणि तिला अद्याप काही ठाऊक नव्हते. तेव्हा फाटकावरचा रखवालदार म्हणाला, "मालकाला कशाला शिव्या देतेस बाय, घरी जाऊन नवऱ्याला दे. त्यानंच चाक फिरवलंय." बायकांनी एकमेकींकडे पाहिले. मग हळूहळू त्या सोनाबाईपासून बाजूला सरकल्या, चार-चार बोटे, पण सरकल्या. सोनाबाई त्या मोकळ्या जागेत एकटी उभी राहिली. "त्याचं हात मना ठाव हायेत," ती म्हणाली. "त्यो खारीत थुकत पन नाय." एकीने एक मेलेली बोय उचलली आणि सोनाबाईच्या पायांशी टाकली. निकेश त्या वेळी फाटकाच्या आत, सायकलस्टँडच्या पत्र्याखाली उभा होता. ती ओळ त्याने दोन तासांपूर्वी पाहिली होती. त्याला सगळे ठाऊक होते. एक वाक्य, एवढेच पुरे होते. आणि तो बोलला नाही.

का बोलला नाही? भीतीने, हे म्हणणे सोपे. परंतु भीती नव्हती. त्याहून वाईट काहीतरी होते. त्याने त्याच क्षणी सोमवार डोळ्यांसमोर आणला होता. चौकशीची खोली, अविनाशसाहेब, सगळे अधिकारी, आणि आपण शांतपणे उठून त्यांना पडद्यापाशी नेतो, बाण दाबतो, आणि चार बेचाळीसची ओळ उजळून येते. परेशचा चेहरा. 'ही सोय कोणी केली?' असे साहेब विचारतात. तो सगळा देखावा त्याने तीन दिवस मनात घोळवला होता, शनिवारी तर तो परेशला मुद्दाम जाऊन सांगितला होता, कारण त्याला परेशचे झोपमोड झालेले डोळे पाहायचे होते. त्या देखाव्यात पावणेएकची ओळ नव्हती, ती त्याने हळूच गाळली होती. शिवा होता, पण कोपऱ्यात, सुटका झालेला, हात जोडलेला. शिवाच्या गळ्यातला दोर त्याने तीन दिवस तसाच राहू दिला होता, कारण सोमवारी तो आपल्या हाताने सोडवायचा होता. त्याने टेबलावर मूठ मारली, एकदा, दोनदा. आता हा घाव कोणासाठी होता, हे त्याला सांगता आले नसते.

अकराला पाच कमी असताना तो उठला. चौकशीची खोली थंड होती. अविनाशसाहेब, म्हणजे कारखान्याचे व्यवस्थापक, मधल्या खुर्चीत होते. पद्मजा मॅडम, कर्मचारी विभागाच्या, कागद वाचत होत्या. परेश बाजूला. शिवासमोर रिकामी खुर्ची असूनही तो उभा होता, टोपी हातात, आणि मॅडम जे वाचत होत्या त्यातला एक शब्दही त्याच्या चेहऱ्यापर्यंत पोचत नव्हता. निकेशने दार ढकलले.

"तुम्हाला बोलावलंय?" साहेबांनी विचारले.

"नाही सर. व्हॉल्व्ह याने उघडला नाही."

परेशने डोळे मिटले.

निकेश बोलत गेला. त्याने मनात बांधून ठेवलेल्या भाषणातली एकही ओळ उपयोगी पडली नाही. पावणेएकची ओळ माझी, रिकामी जागा सोडायची मी विसरलो, चार बेचाळीसला परेशने बाण दाबला, फाइल रविवारी पुसली गेली. त्याने ती ओळ जशीच्या तशी म्हणून दाखवली, टाकीचा नंबर, व्हॉल्व्हचा नंबर, वेग, नऊशे सेकंद.

"पुरावा?" साहेब म्हणाले.

"नाही."

"म्हणजे उद्या कोणीही येऊन काहीही सांगेल."

"सर, स्वतःविरुद्ध कोण येऊन सांगतं?"

साहेब परेशकडे वळले. परेशने पेनचे टोपण काढले, लावले. "मला आठवत नाही, सर," तो म्हणाला. "दिवसात शंभर ओळी जातात."

तेव्हा निकेशने मॅडमच्या पुढ्यातला कोरा कागद ओढला आणि लिहायला बसला. अक्षर वाकडे येत होते. एका ठिकाणी 'उघडला' चुकले, ते त्याने खोडले नाही, तसेच ठेवून पुढे लिहिले. खाली सही केली, तारीख घातली. मॅडमनी कागद वाचला आणि साहेबांच्या कानाशी काही म्हटले. कायम नोकरीतल्या माणसाची लेखी कबुली हाती असताना ठेक्यावरच्या माणसाला काढणे अडचणीचे होते, एवढाच त्याचा अर्थ. शिवाचा गेटपास राहिला. निकेशला पुढची चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगण्यात आले. परेशविषयी साहेब म्हणाले, "ते आम्ही बघू," आणि त्या तीन शब्दांनी निकेशच्या डोक्यात पुन्हा ज्वाळ उठली, पण तिला जायला वाट मिळाली नाही, कारण शिवा त्याच्याकडे पाहत होता.

व्हरांड्यात आल्यावर शिवाने टोपी घातली. निकेश थांबला. काहीतरी म्हटले जाईल अशी त्याची अपेक्षा होती, आणि त्या अपेक्षेची त्याला लगेच लाज वाटली.

"तुला कवा कललं?" शिवाने विचारले.

"शुक्रवारी."

"शुक्रवारी कवा?"

"सकाळी. आठ वाजता."

शिवाने मनातल्या मनात काहीतरी मोजले. "म्हंजी माजी बायको फाटकावं हुबी व्हती, तवा तुला ठाव व्हतं."

"होय."

"तू थं व्हतास?"

"होय."

"आन कोनाची वाट बगत व्हतास, भाऊ?"

निकेशने तोंड उघडले. यंत्राची, सोमवारी सगळ्यांसमोर पडद्यावर ती ओळ उजळण्याची, असे खरे उत्तर होते. ते त्याच्या जिभेवर आले आणि तिथेच थिजले. शिवा ओरडला नाही, तेच असह्य झाले. त्याच्या मानेची शीर मात्र दोरासारखी ताठ झाली होती.

"चार दिस," शिवा म्हणाला. "चार दिस घरात चूल पेटली, पन कोन कोनाशी बोल्ला नाय. माज्या भावान पानी नाय घेतलं माज्या हातचं. सोनी बोलली, तू नाय केलंस ना, मंग दुसऱ्या कोनी केलं त्याचं नाव सांग. मी काय सांगू? मना काय ठाव?" तो एक पाऊल पुढे आला. "मना नको सांगू काय. साहेबाला सांगितलंस, बरा झाला. तिला जाऊन सांग. बाजारात बसलीय. सगल्या बायांच्या समोर सांग."

पनवेलच्या मासळी बाजारात दुपारी दीड वाजता निम्मे ओटे रिकामे होते. खाडीची मासळी कोणी घेत नव्हते, गिऱ्हाईक लांबूनच विचारी आणि पुढे जाई. सोनाबाई सुकट आणि सुके बोंबील मांडून बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंचे ओटे मोकळे होते. बाकीच्या बायका समोरच्या रांगेत दाटीने बसल्या होत्या, आणि त्या मोकळ्या जागेचा अर्थ निकेशला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. तो तिच्यासमोर उभा राहिला. बोंबलांचा उग्र वास, ओल्या फरशीचा गारवा, पायांभोवती माश्या. अंगात सकाळपासून पेटलेले सगळे तिथवर त्याच्याबरोबर आले होते, परेश, साहेब, चहाचा ट्रे, ते तीन शब्द, आणि इथे त्यातले काहीही उपयोगाचे नव्हते.

"काय पायजे?" सोनाबाईने विचारले.

"मी कारखान्यातला. निकेश भोपी. नाल्याचं ते शिवाभाऊंनी नाही केलं. ओळ माझी होती. मी चुकीची ठेवली, दुसऱ्याने ती चालवली. मला शुक्रवारपासून माहीत होतं. मी फाटकाशी होतो. मी बोललो नाही."

सोनाबाईचा हात सुकटीवर थांबला. शिवी येईल म्हणून तो थांबला, ती यावी असे त्याला मनापासून वाटले. मग तिने मान वळवून समोरच्या रांगेकडे पाहिले. तिथे सगळ्यांचे हात आपापल्या कामात होते. कोणी वर पाहत नव्हते.

"मना आयकू आलं," ती म्हणाली. "त्यांना नाय आलं. परत बोल."

त्याने वळून सगळे पुन्हा सांगितले, नावापासून, अधिक मोठ्याने. मध्येच एक रिक्षा कर्कश भोंगा वाजवीत गेली. दोन बायकांनी माना उचलल्या. अगदी टोकाला, बर्फाच्या पेटीमागे, एक म्हातारी पाठ करून बसली होती.

"ती जाऊ माजी," सोनाबाई म्हणाली. "तिला कमी आयकू येतं. तिच्याजवल जा. परत बोल, पयल्यापासून."